वाघिणीचे दात

मराठी माणसाने साहेबाचे पुष्कळ शब्द घरात घेतले, पण सगळ्यांना सारखा मान दिला नाही. ‘लॉर्ड’ला पिळून त्याचा ‘लाट’ केला, ‘स्टेशन’ला चेपून त्याचं ‘ठेसन’ केलं. मालगाडीची ‘वॅगन’ दाराशी आली तेव्हा मात्र आपल्या पूर्वजांना काय झालं कोण जाणे, त्यांनी तिला ओवाळून घरात घेतलं आणि नाव ठेवलं ‘वाघीण’! साखरेच्या वाघिणी यार्डात अडकल्या, कांद्याच्या वाघिणी वेळेवर मिळाल्या नाहीत, अशा बातम्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं गंभीर चेहऱ्याने छापल्या. कांद्याच्या वाघिणीला घाबरून कुणी झाडावर चढल्याचं ऐकिवात नाही.

एवढं भारदस्त नाव देऊन झाल्यावर आपण तिच्याकडे जे पाठ फिरवली, ती फिरवलीच. फाटकापाशी मालगाडी आली की आपण इंजिन बघतो, मग घड्याळ बघतो, मग कपाळाला हात लावतो. शेवटचा गार्डाचा डबा गेला की ‘सुटलो’ म्हणून किक मारतो. मधल्या अठ्ठावन्न वाघिणी आपल्यापुरत्या अदृश्य असतात. माझं भांडण आहे ते याच गोष्टीशी.

या भांडणात मी पडलो तो एका छंदामुळे. रेल्वेच्या छोट्या हुबेहूब प्रतिकृती करणं हा तो छंद. ‘हुबेहूब’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण सगळी कटकट त्या शब्दाची आहे. नुसती खेळण्यातली आगगाडी पळवायची तर दुकानात पैसे मोजले की काम झालं. पण १९६५ सालच्या एखाद्या लहान स्टेशनाचा मालधक्का करायचा म्हटलं, की त्या साली तिथे कोणत्या वाघिणी उभ्या असत, त्यांची दारं कशी उघडत, अंगावर काय लिहिलेलं असे, हे सगळं शोधणं आलं. विलायतेत या छंदाची मोठी परंपरा आहे. तिथे डब्यावरचे रिव्हेट मोजून ‘अहो, हा एक कमी आहे’ म्हणणाऱ्याला ‘रिव्हेट मोजणारा’ असं हिणवतात. ही शिवी आता आपल्याकडेही आयात झाली आहे, आणि तिच्यावर जकात नाही. मी म्हणतो, सिंहाच्या छाव्याचे दात मोजणाऱ्या भरताचं आपण कौतुक करतो, देशालाही त्याचंच नाव म्हणून सांगतो. मग वाघिणीचे दात मोजणाऱ्यालाच का हसायचं?

हसणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिला पंथ ‘चालतंय’वाद्यांचा. हा पंथ मोठा आहे आणि त्यात जातपात, धर्म, पक्ष काही बघत नाहीत.

“अहो, लांबून कुणाला कळतंय?” हे त्यांचं पहिलं सूत्र.

“जवळून बघितलं तर कळेल ना!” असं आपण म्हणावं.

“मग जवळून बघू देऊ नका.” हे दुसरं.

तिसरं सूत्र ते बोलत नाहीत, नुसते आपल्या खांद्यावर हात ठेवून सौभाग्यवतीकडे सहानुभूतीने बघतात.

या पंथाची करामत बघायची तर रुळापासून बघावी. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटर. विलायतेची आणि अमेरिकेची १४३५. जगात सर्वांत जास्त खपणारी मॉडेलची पट्टी ‘एचओ’, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. तिचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, आणि ते १४३५ला बरोबर लागू पडतात. आता १६७६ला ८७ने भागा. उत्तर येतं १९ मिलिमीटरच्या थोडं वर. म्हणजे आपली गाडी त्या तयार रुळावर चढवली की अडीच-पावणेतीन मिलिमीटरची काटछाट होते. “अडीच मिलिमीटर म्हणजे काय हो?” असं म्हणणाऱ्यांनी त्याला पुन्हा ८७ने गुणावं. खऱ्या रुळावर ते २४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ इंच होतात! लॉर्ड डलहौसीच्या काळात मोठ्या वादावादीनंतर ठरलेली देशाची रुंदी दिवाणखान्यात बसून साडेनऊ इंचांनी कमी करायला यांना कुणाची परवानगी लागत नाही. डलहौसीने संस्थानं खालसा केली, यांनी डलहौसीला केलं.

आता नंबराचं बघा. हल्ली प्रत्येक वाघिणीच्या अंगावर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार आकडे तिचे स्वतःचे आणि शेवटचा आकडा पहारेकरी. हा पहारेकरी कसा काढतात ते सांगतो, म्हणजे बीकॉम झालेल्या माणसाच्या डोळ्यांत आनंदाश्रू का येतात ते कळेल. समजा, पहिले दहा आकडे ३१०१०८१२३४ आहेत. सम स्थानांवरचे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा असे आकडे मिळवा. १ अधिक १ अधिक ८ अधिक २ अधिक ४, झाले १६. त्यांची तिप्पट ४८. विषम स्थानांवरचे मिळवा: ३, ०, ०, १, ३, झाले ७. एकूण ५५. वरच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ६०ला, कमी पडतात ५. म्हणून अकरावा आकडा ५. कारकुनाने घाईत एक आकडा चुकवला की शेवटचा आकडा जुळत नाही आणि चोरी पकडली जाते.

म्हणजे ज्या रेल्वेला आपण उठता-बसता ‘चालतंय’चं माहेरघर म्हणतो, ती रेल्वे आपल्या मालडब्याचा एक आकडा चुकू देत नाही. आणि आपण मात्र परदेशी डब्यावर मनाला येईल तो नंबर टाकतो, वर ‘मध्य रेल्वे’ असं रंगवतो आणि त्याला ‘भारतीय मॉडेल’ म्हणून पाहुण्यांना दाखवतो. बँकेत संध्याकाळी एक रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. तिथे “साहेब, लांबून कुणाला कळतंय?” असं म्हणून बघावं.

दुसरा पंथ इंजिनवाद्यांचा. ही माणसं प्रेमळ असतात, पण त्यांची नजर इंजिनाच्या मागे जात नाही. १६ एप्रिल १८५३ म्हटलं की त्यांची समाधी लागते. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. सगळं तोंडपाठ! अहो, पण ते लग्न झालं, संसार पुढे होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे काय चारशे पाहुण्यांना ठाण्याची हवा खाऊ घालायला काढली होती? लँकेशायरच्या गिरण्यांना दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस हवा होता, म्हणून १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट चढून लोहमार्ग देशावर गेला. तो कापूस साहिब-सिंध-सुलतानाने कडेवर घेऊन आणला नाही. आणला वाघिणींनी. त्यांची नावं सोडा, त्यांच्या दाराला कडी होती का अडसर, हे सांगणाराही भेटत नाही. नवरदेवाचा घोडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, वऱ्हाडाची शिदोरी वाहणारा बैल कुणाला आठवतो?

यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट बार्शीची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर आधी जीआयपीत नोकरीला होता. त्याने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, अडीच फुटी गेजची. त्याची कल्पना अशी, की इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊच द्यायचा नाही. असं केलं की हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि तरीही माल भरपूर जातो. म्हणून त्याने दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असे डबे करवले. त्या काळी लहान गेजच्या दुनियेत ही मोठी बातमी होती. ही गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. तिने किती वारकरी आणि किती भुईमूग वाहिला असेल, विठोबालाच ठाऊक.

याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड नावाची त्याच गेजची चिमुकली रेल्वे उभारली. सव्वाआठ मैलांची. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. तीस वर्षांचं आयुष्य! पण तिथल्या लोकांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली, मापांसकट नकाशे छापले, आणि तिच्या गाड्या घरी जोडायचे संच बाजारात आणले. आमची बार्शी तिच्याआधी सात वर्षं जन्मली आणि तिच्यामागे कित्येक दशकं धावली. ती करायला घेतली तर सांगाड्याची लांबी-रुंदी मिळते आणि पुढे सगळी सामसूम. दाराची कडी कशी, खिळे किती, यासाठी मला शेवटी स्टॅफर्डशायरची पुस्तकं उघडावी लागली. धाकटीच्या मापावरून थोरलीचं परकर-पोलकं शिवायची वेळ! आणि कुर्डुवाडीत उतरून विचारावं, तर स्टेशनाबाहेरचा चहावाला आपुलकीने म्हणतो, “साहेब, नॅरोगेज गेली की कधीच! आता कशाला शोधताय?”

गेली म्हणूनच शोधायची ना! असलेली गोष्ट शोधायला कशाला जाईन?

तिसरा पंथ सगळ्यात घातक. त्याला मी ‘रद्दीवादी’ म्हणतो. हा पंथ टेबलामागे बसतो. एका कार्यालयात (ते कुठलं ते सांगत नाही, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसतो) मी जुन्या चारचाकी वाघिणींचे नकाशे बघायला मिळतील का, असं विचारलं. टेबलामागून प्रश्न आला, “कशासाठी?”

“मॉडेल करायचंय.”

“कंपनी आहे?”

“नाही, छंद आहे.”

“छंदासाठी फॉर्म नाही.”

“मग साध्या कागदावर अर्ज देतो.”

“देऊन काय उपयोग? ते कागद मागच्या वेळी जागा करताना गेले.”

“कुठे?”

“रद्दीत. आणखी कुठे जाणार?”

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती होती, ती मी फक्त समाधीमंदिरात बघितली आहे. जागा केली म्हणे! जिथे नकाशे होते तिथे आता एक मोडकं कपाट होतं. ते मात्र कुणी रद्दीत घातलं नव्हतं, कारण कपाटाला डेडस्टॉक नंबर असतो. नकाशाला नसतो.

आता या तिन्ही पंथांचा मिळून एक प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. “समजा, कळलं तुम्हाला वाघिणीच्या अंगावर काय काय होतं. त्याने काय होणार?”

काय होणार ते एका चौकटीवरून सांगतो. जुन्या चारचाकी बंद वाघिणीच्या अंगावर पत्र्याची लहानशी चौकट असे. तिच्यात कागदाचं लेबल सरकवत. ही वाघीण कुठून निघाली आणि कुठे जायची, ते त्या लेबलावर. मॉडेल केलं तर ही चौकट तांदळाच्या दाण्याहून लहान होते. “ही कशाला पाहिजे?” असं मला एकाने विचारलं. अहो, ती चौकट म्हणजे त्या वाघिणीचा पत्ता! प्रत्येक वाघिणीला वेगळा पत्ता होता, म्हणजेच प्रत्येक वाघिणीचा व्यापारी वेगळा असू शकत होता. तालुक्याच्या गावचा अडत्या एक वाघीण मागवायचा, आपल्या मालधक्क्यावर भरायचा आणि पावती घेऊन थेट बँकेत यायचा. रेल्वेची ती पावती म्हणजे मालाचा हक्कलेख. १९३०च्या मालविक्री कायद्यात ती नावानिशी आहे. बँक ती ठेवून घ्यायची, हुंडी वटवायची, आणि माल अजून यार्डात शंटिंगच्या धक्क्यात असताना अडत्याच्या हातात पैसे पडायचे. एका वाघिणीवर एक दुकान चालत असे, आणि त्या दुकानावर दोन-तीन घरं.

मग १९६०च्या दशकात आठ चाकांच्या मोठ्या ‘बॉक्स’ वाघिणी आल्या, १९८०च्या दशकात एअरब्रेकच्या ‘बॉक्सएन’ आणि ‘बीसीएन’. बॉक्सएनची लांबी जुन्या बॉक्सपेक्षा कमी, उंची जास्त. कारण स्टेशनातल्या बाजूच्या रुळाची लांबी ठरलेली, तेवढ्यातच जास्तीत जास्त टन बसवायचे होते. चाळीतल्या माणसाला हे शास्त्र समजावून सांगायला नको. आडवं वाढता येत नाही तेव्हा तो माळा टाकतो. रेल्वेच्या हिशेबाने हे सगळं बरोबरच होतं. एकेक वाघीण तोडत-जोडत बसण्यापेक्षा पूर्ण गाडीच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची. सुट्या वाघिणींची वाहतूक आटली, तशी शंटिंगची यार्डं ओस पडली. बदलत्या काळात दोन्ही प्रकारच्या कपलिंगला जुळवून घेणाऱ्या ‘सीआरटी’ वाघिणी, जुन्या सासूचं आणि नव्या सुनेचं दोघींचंही ऐकणाऱ्या मधल्या जावेसारख्या, काही वर्षं राबल्या आणि भंगारात गेल्या.

आणि अडत्या? त्याच्याकडे अठ्ठावन्न वाघिणी भरायला माल कुठला! तो ट्रककडे गेला. आमच्या भिवंडीत काल्हेरपासून मानकोलीपर्यंत गोदामांचा जो समुद्र पसरला आहे तो सारा ट्रकच्या चाकांवर तरंगतो आहे, आणि त्या ट्रकांच्या मागे उभं राहून आम्ही रोज एकमेकांच्या धीराची परीक्षा बघतो. दिवा-वसई मार्गावर आमचं भिवंडी रोड स्टेशन आहे. तिथून २०२० साली पार्सलगाड्या सुटू लागल्या तेव्हा गावाला नवल वाटलं, की अरे, रेल्वेनेही माल जातो!

म्हणून माझं म्हणणं असं, की १९६५ सालच्या तालुक्याच्या मालधक्क्यावर जो माणूस ‘चालतंय’ म्हणून बीसीएनची अख्खी गाडी उभी करतो, तो नुसता डबा चुकवत नाही. त्या अडत्याला, त्याच्या हमालाला आणि त्याची पावती तपासणाऱ्या कारकुनाला तो चित्रातून पुसून टाकतो. त्यांचं काम, त्यांची ऐपत, त्यांचा एका वाघिणीचा का होईना पण देशाच्या व्यापारातला हिस्सा, सगळं त्या तांदळाएवढ्या चौकटीत होतं. राजांचे इतिहास लिहायला बखरकार होते. मालधक्क्याची बखर वाघिणीच्या अंगावर चुन्याने आणि खडूने लिहिलेली होती, आणि ती वाघीण आपण वजनावर विकली.

आता कुणी म्हणेल, या अचूकपणाला अंत कुठे? खरं आहे, अंत नाही. एचओच्या पट्टीत बॉक्सएन होते सव्वाबारा सेंटिमीटरची. अठ्ठावन्न वाघिणींची पूर्ण गाडी सव्वासात मीटरच्या घरात जाते. आमची बैठकीची खोली बारा बाय दहाची. पूर्ण गाडी लावली तर इंजिन शेजाऱ्यांच्या मोरीत आणि गार्डाचा डबा आमच्या देवघरात. तेव्हा आम्हीही बारा वाघिणींवर भागवतो. पण कमी दाखवणं वेगळं आणि खोटं दाखवणं वेगळं. खतावणीत जागा कोरी असली तर उद्या भरता येते. मनाची रक्कम घालून बेरीज जुळवली, की त्याला दुसरं नाव आहे आणि त्याला नोकरीवरून काढतात.

माझ्या मागण्या फार नाहीत. दिल्लीला १९७७पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडून एका माणसाचा छंद काय करू शकतो ते दाखवलं आहे. त्यामुळे हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. माझं रेल्वेला सांगणं एवढंच, की वाघिणीचा एखादा प्रकार मोडीत काढताना त्यातली एक ठेवा, आणि नकाशे रद्दीत घालण्याआधी त्यांची एक प्रत काढा. झेरॉक्स दीड-दोन रुपयांना पडते, हवं तर मी देतो. छंदवाल्या मंडळींना सांगणं, की आपल्या डब्याच्या पोटाखाली बारीक अक्षरात लिहा: साल कुठलं, मापं कुठून घेतली, कुठला भाग अंदाजाने केला. खरी वाघीण तरी काय वेगळं करते? स्वतःचं वजन, भार किती झेपतो, दुरुस्ती कुठल्या कारखान्यात झाली आणि पुन्हा तिथे कधी जायचं, हे सगळं ती पोटावर लिहून गावभर हिंडते. इतकी प्रामाणिक प्रकृती माणसांतही दुर्मिळ आहे.

आणि आपणा सर्वांना सांगणं, की घरातले जुने फोटो काढा. काकांच्या बदलीचा निरोपसमारंभ, आत्याची सासरी पाठवणी, कुणाचा तरी स्टेशनवर हारतुऱ्यांनी सत्कार. माणसं तुमच्या ओळखीची आहेत, ती तुम्ही ठेवा. त्यांच्या मागे, अर्धी कापली गेलेली, धुरकट, एक वाघीण उभी असेल. तेवढी मला बघू द्या. मी भिंग घेऊन येईन, चहा घेणार नाही, आणि दात मोजून झाले की लगेच जाईन.